दाजींचं मार्गदर्शन

माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी, जन्मभर सुतारकाम केलेले. हात चांगला, तोंड त्याहून मोठं. रिटायर झाले, घरात कुणी ऐकेना, म्हणून एका संस्थेतर्फे वस्तीतल्या मुलांचे मार्गदर्शक व्हायला गेले. छातीवर लावायला बिल्ला मिळाला. तो लावून भाजी आणायलासुद्धा जायचे.

त्यांच्या वाट्याला शेजारच्या शिवणवालीची मुलगी आली. तिला सुतारकामाच्या शाळेत जायचं होतं. प्रवेशाला मास्तरांसमोर लाकडाचा सांधा स्वतः करून दाखवावा लागे. नाही जमला, तर आईबरोबर मशीनवर बसायचं हे घरात ठरलेलं. पोरीला सुईदोऱ्याचा मनापासून कंटाळा.

दाजींनी मागच्या खोलीत शिकवणी मांडली. मी जाऊन बघायचो. पोरीने करवत चालवली की दाजींचा जीव कासावीस. करवत रेघेवरून केसभर सरकली की "आण इकडे!" मग ह्यांनी कापायचं, पोरीने लाकूड धरायचं आणि भुसा झाडायचा. ह्याला म्हणे मार्गदर्शन.

"दाजी, परीक्षा कोणाची आहे?" मी विचारलं.

"तू गवंडी. तुला लाकडातलं काय कळतं?"

"काही नाही. पण हाताखालच्याने भिंत वाकडी बांधली की मी त्याच्याकडूनच पाडून घ्यायचो आणि त्याच्याकडूनच बांधून घ्यायचो."

"म्हणूनच तुझ्या भिंती तशा!"

परीक्षेत पोरीचा सांधा बसलाच नाही. बाहेर थांबलेले दाजी घरून आणलेलं स्टूल घेऊन तडक आत घुसले. "हे बघा, आमच्या पोरीचं काम!"

मास्तरांनी स्टूल उलटंपालटं करून पाहिलं. "सुरेख आहे. कुणी केलं गं?"

"काकांनी," पोरगी म्हणाली.

मास्तरांनी तिला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. दाजींना येऊ नका म्हणाले.

घरी आल्यावर मास्तर कसा आकसाने वागला, हे दाजी जेवण होईपर्यंत सांगत होते. ताईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोरगी येताच ताईने दाजींच्या हातात धुतलेल्या कपड्यांची बादली दिली आणि त्यांना गच्चीवर पिटाळलं.

खाली करवत सुरू झाली. लगेच वरून आवाज आला, "कशी चाललीय?"

"वाकडी," ताई म्हणाली.

"मग खाली येऊ का?"

"आलात तर आज जेवायचं बाहेरच बघा."

पोरीने वाकडा तुकडा बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.