चुन्याची फुली मारलेला ग्लोव्ह

तिने ग्लोव्ह बुटाच्या टोकाने उलटा केला. मग सुलटा केला. हात लावला नाही. मैदानाच्या मधोमध उभी राहून तिने हाक मारली, "मम्मी, रुमाल दे ना."

तिची आई सावलीतून उठली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांची बायको. इस्त्रीचा पांढरा रुमाल घेऊन ती भर उन्हात मैदानात गेली. मुलीने रुमाल पंज्याला गुंडाळला, गाठ मारली आणि मग हात ग्लोव्हमध्ये घातला. सरांनी शिट्टी वाजवली. खेळ सुरू झाला.

तो ग्लोव्ह नुकताच माझ्या मुलीने काढून ठेवला होता. माझी मुलगी, म्हणजे तुमची आई. नंदा. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

तुम्ही तिकडे उन्हाळाभर बेसबॉल खेळता. तुमच्या फोटोंत प्रत्येकाच्या हातात स्वतःचा ग्लोव्ह दिसतो. म्हणून आधी आमच्याकडची पद्धत सांगते. नाहीतर त्या रुमालात एवढं काय होतं, ते तुम्हाला कळायचं नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात मुली सॉफ्टबॉल खेळत. तुमच्याच खेळाची धाकटी बहीण म्हणा. उन्हाळ्याच्या सुट्टीत रामदासपेठेतल्या एका मैदानावर शिबिर भरे. मुली पुष्कळ आणि ग्लोव्ह जेमतेम एका संघापुरते. मग काय करायचं? एका संघाची फिल्डिंग संपली की प्रत्येकीने आपल्या जागेवर ग्लोव्ह काढून जमिनीवर ठेवायचा आणि बॅटिंगला जायचं. समोरच्या संघातली त्याच जागेवरची मुलगी यायची, तोच ग्लोव्ह उचलून घालायची. दोन संघ, ग्लोव्हचा एकच संच. सगळ्यांच्या घामाने ते चामडं काळं पडलं होतं. कोणाला त्याचं काही वाटत नसे.

नंदा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राही. समोरच्या संघात त्या जागेवर डॉक्टरांची वसुधा.

चामडं चालत होतं. इतर मुलींचा घाम चालत होता. नंदाचा चालत नव्हता.

आमचं आडनाव आणि आमचा पत्ता, एवढं पुरे होतं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "कुठून येतेस?" ती म्हणाली, "इंदोऱ्याहून." तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. का वाटावं? छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं. माझे वडील गिरणीत कामाला होते. त्यांनी मला बी. ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा रेल्वेत. घरात आम्ही कोणापुढे मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं, आणि मुलीला तसंच वाढवलं होतं.

मी शिस्तीची बाई. अजूनही आहे, तुमची आई सांगेलच. रोज सकाळी नंदाला घेऊन यायची, छत्री उघडून रेषेच्या बाहेर बसायची. बाकीचे पालक ओरडत. "अंपायर आंधळा आहे का?" "अगं पळ, झोपलीस का?" मी कधी आवाज काढला नाही. नंदालाही शिकवलं होतं. अंपायरशी वाद घालायचा नाही. बॅट आपटायची नाही. हरलं तरी हात मिळवायचा. परवा तुमची आई फोनवर सांगत होती, तुमच्या कोचने सगळ्या आईवडिलांना बोलावून वागणुकीचे नियम वाचून दाखवले. मला हसू आलं. तेच नियम. मी ते सगळे मानत होते.

रुमालाच्या दुसऱ्या दिवशी नंदा मैदानावरून पळतच माझ्याकडे आली.

"आई, पाह्य! सरनं मले एकटीले ग्लोव्ह देला!"

"काहून देला?"

"म्हने, आता हा तुहाच. इथं ठेवाचा नाई. संगं न्याचा, संगं आणाचा. बाकीच्यायचे सगळ्यायचे मिळून हायेत. माहा माह्या एकटीचा!"

ग्लोव्ह जुना होता. पोत्याच्या तळाशी पडलेला. एका बोटाची शिवण उसवलेली. पाठीवर चुन्याची मोठी पांढरी फुली. मैदानावर रेषा मारायला बादलीत चुना कालवून ठेवलेला असे, त्यातच बोट बुडवून काढलेली.

"हे काय?"

"निशानी. म्हंजे दुसरं कोनी चुकून घेनार नाई."

ती इतकी खूश होती. तिला वाटलं, आपण चांगलं खेळतो म्हणून सरांनी बक्षीस दिलं. सायकल रिक्षात तिने तो मांडीवर ठेवला होता. वस्तीत आल्यावर दारोदार दाखवत फिरली. शेजारच्या काकूंनी तो हातात घेतला.

"लयच मोठी खेळाडू झाली वं तुही पोरगी," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी तो पालथा केला. फुली पाहिली. त्यांचं हसू गेलं. काकूंनी जन्मभर इतवारीच्या बाजारात हमालिणीचं काम केलं होतं. पोत्यावरच्या खुणा त्यांना कळत. माणसांवरच्याही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ग्लोव्ह नंदाच्या हातात परत दिला. 

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सामना होता. त्यातून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. "तुझी जागा पक्की," सर नंदाला म्हणाले होते. तिने फक्त गप्प राहायचं होतं. फुलीचा ग्लोव्ह घालायचा, फुलीचा ग्लोव्ह घेऊन परत यायचं. एवढंच. संघात जागा मिळत होती.

मी तिला सांगायचं की नाही?

सामन्याच्या सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. ती पुढ्यात बसलेली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, हे बरं होतं.

"त्या वसुधानं हाताले रुमाल काहून बांधला होता वं?" मी विचारलं.

"तिले घाम येते."

"दुसऱ्या पोरीचा ग्लोव्ह घालते तवा काहून नाई बांधत?"

 मी रिबिन बांधली. दुसरी वेणी घातली. मग ती म्हणाली, "म्हंजे ते बक्षीस नव्हतं?"

"नाई."

"मंग मी नोको जाऊ का?"

"जा. खेळ. सगळ्या घालतात तो घाल. सगळ्या ठेवतात तिथंच ठेव."

फुलीचा ग्लोव्ह तिने स्वतःच उचलून खाटेखाली टाकला.

नंदाचा संघ आधी फिल्डिंगला उतरला. ताडपत्रीवर ग्लोव्ह मांडले होते. तिने त्यातला एक घेतला आणि आपल्या जागेवर गेली. सर अंपायर होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. तिच्याकडे एक चेंडू जमिनीला घासून आला, वेगात. तिने गुडघा टेकून तो अडवला आणि पहिल्या बेसकडे फेकला. मुलगी बाद झाली. टाळ्या पडल्या. डॉक्टरांच्या बायकोनेही वाजवल्या.

मग संघ बदलले. नंदाने ग्लोव्ह काढला, जमिनीवर नीट ठेवला आणि निघाली. वसुधा तिथे आली. थांबली.

"सर, हिने माझा घातला."

माझा! तो सगळ्यांचा होता.

सर आले. "नंदा, तुला वेगळा दिलाय ना? कुठाय? घरी राहिला?"

"राहिला नाई, सर. ठेवला."

"का?"

"सगळ्यांचे इथंच राहतात."

सावलीतून वसुधाच्या आईचा आवाज आला. "इतकं करून दिलं, तरी यांचं समाधान नाही."

यांचं. मी आजवर त्या बाईशी एक शब्द बोलले नव्हते.

सरांचा आवाज चढला. "वसुधाला सॉरी म्हण आणि परत असं करणार नाही म्हण. नाहीतर बाहेर बस."

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी छत्री मिटली. रेषा ओलांडून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मॅडम, पालकांनी आत यायचं नाही. तुम्ही स्वतः शिक्षिका. शिस्त तुम्हाला मी सांगायची?"

"सर, त्या ग्लोव्हवर फुली कशाला मारली?"

"सोयीसाठी."

"कोणाच्या?"

त्यांनी घाम पुसला. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "उगाच वेगळा अर्थ काढू नका. मी स्वतः हे असलं काही मानत नाही. तुमच्या घरचा चहा पिईन मी. पण हे लोक शिबिराला मदत करतात. तुमच्या मुलीला मी संघात घेतोच आहे. थोडं अ‍ॅडजस्ट करा."

"ज्या मुलीला ग्लोव्ह घालायचा नाही, तिने बाहेर बसावं. माझ्या मुलीने का?"

वसुधा जवळच उभी होती. फार गोड आवाजात ती म्हणाली, "काकू, मला तसं काही नाही हो. मम्मीला आवडत नाही." तिने मला काकू म्हटलं. तिच्या आवाजात राग नव्हता. लाजही नव्हती. पाणी तापलं आहे, असं सांगावं तसं ती सांगत होती.

मी सरांना म्हटलं, "माझी मुलगी सॉरी म्हणणार नाही."

"मग ती बाहेर. गैरवर्तन म्हणून. माझा नाइलाज आहे."

तिच्या जागी दुसरी मुलगी आली. सरांनी लांबच्या फिल्डरचा ग्लोव्ह आणून वसुधाला दिला. नंदाने घातलेला उचलून त्या लांबच्या मुलीकडे दिला. ती साधी मुलगी होती, महाल भागातली. इतके दिवस नंदासोबत डबा खाणारी. तिने ग्लोव्हकडे पाहिलं. बाकीच्या मुलींकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला.

रुमाल कसा बांधायचा, ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

आम्ही निघालो. वाटेत नंदा एकदाच बोलली. "तू म्हनलं म्हनून मी ठेवला. मले खेळाचं होतं, आई."

मी तिला म्हटलं नाही की तू बरोबर केलंस. बरोबर होतंच. पण तिला खेळायचं होतं, तेही खरं होतं, आणि ते मी तिला देऊ शकत नव्हते. तिने पुढे कधी चेंडू हातात घेतला नाही. तुम्हाला खेळायला सोडायला येते तेव्हा ती गाडीतच का बसून राहते, हे तुम्ही मला विचारलं होतं. आता कळलं असेल.

जिल्ह्याच्या संघात तिचं नाव नव्हतं. बक्षीस समारंभाला जायचं नाही, असं तुमचे आजोबा म्हणाले. मी म्हटलं, जायचं. पांढरं पातळ नेसले, नंदाला शाळेचा गणवेश घातला. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो, कोणालाही दिसू अशा.

कप वाटले गेले. शेवटचा कप सगळ्यांत मोठा होता, उत्तम वर्तणुकीचा. सर माइकवर म्हणाले, "हा कप अशा खेळाडूला, जिने कधी अंपायरशी वाद घातला नाही, कधी आवाज चढवला नाही, प्रत्येक सामन्यानंतर हात मिळवला." आणि वसुधाचं नाव घेतलं.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती खरंच कधी ओरडली नाही. तिला ओरडायची गरज काय होती? तिच्या वतीने शिट्टी होती, चुन्याची बादली होती, सावलीतली खुर्ची होती. नियम तिने एकही मोडला नाही, कारण नियम तिच्या अंगाचं माप घेऊनच शिवले होते. माझ्या मुलीने ते पाळले तर फुली, मोडले तर गैरवर्तन. मी वर्षानुवर्षं वर्गात, घरात, मैदानावर जी शिस्त शिकवत आले, तिचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, ते मला त्या खुर्चीवर बसून दिसलं.

प्रमुख पाहुणे म्हणाले, "सगळ्यांनी उभं राहून या गुणी मुलीचं कौतुक करू या." खुर्च्या सरकल्या. सगळे उठले.

माझ्या शेजारी नंदाही उठू लागली. चांगल्या वळणाची मुलगी होती ती. तिचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले. मी ते धरले. घट्ट. आणि तिला खाली बसवलं.

"आई, लोक पाहून राह्यले," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"पाहू दे."

तिने हात ओढून पाहिले. मी सोडले नाहीत. तिला माझा राग आला होता, अजूनही असेल. येऊ दे.

मुलांनो, अंपायरचं ऐका. बॅट आपटू नका. हात मिळवा. पण तुमच्या मैदानावर एखाद्या मुलाला हात द्यायला कोणी कचरत असेल आणि कोच ते चालवून घेत असेल, तर खेळ तिथेच थांबवा. संघातलं नाव जाईल. जाऊ द्या. पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे येणार आहे. मी रेषेबाहेर बसेन, ओरडणार नाही. पण ज्या शिस्तीत कोणाचं तरी मूल न चुकता बाहेर बसवलं जातं, त्या शिस्तीला माझ्या हातून एकही टाळी मिळणार नाही. तुम्ही कप घेऊन स्टेजवर उभे असलात, तरी नाही.