मावशीच्या खोलीतल्या चार झडपा

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर हवा हाच उपाय, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझे वसमतचे मावसाजी. हवाई दलात त्यांनी वीस वर्षं जुन्या जेट विमानांची इंजिनं दुरुस्त केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेन्शन घेऊन गावी आले, पण जीव तिकडंच राहिला. कुणी विचारो न विचारो, ते सुरू व्हायचे. "विमान उभं असतं तवा इंजनाला पुढच्या तोंडातून हवा पुरत न्हाई. मग आतल्या ओढीनं बाजूच्या झडपा आपोआप उघडतेत. विमान पळायला लागलं की समोरून हवा घुसते, अन् झडपा बराबर मिटून जातेत. हात लावायचं कामच न्हाई." हे सांगता सांगता एकदा त्यांची हिंगोलीची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. मावसाजी म्हणाले, "जाऊ द्या, आपलं अर्धंच झालंय."

ही सगळी विद्या अखेर मावशीवर येऊन पडली. तिला दमा होता. थंडीत दार लावलं की जीव कासावीस, उघडलं की गार वाऱ्यानं खोकला. मावसाजींनी खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि भिंतीत छताजवळ पत्र्याच्या चार झडपा, हलक्या स्प्रिंगच्या. दार लावून पंखा चालू केला की झडपा आपोआप उघडायच्या, दार उघडलं की टपकन मिटायच्या. मावसाजी लेकरासारखे दिवसभर दाराशी खेळत बसले. चूक एकच झाली. त्या भिंतीपलीकडं शेजाऱ्याचा हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता. संध्याकाळपर्यंत मावशी, गादी, देव्हारा सगळं पिवळं. "नवरीवानी दिसून राहिलीस," म्हणत मावसाजी तिचं तोंड पुसू लागले, पण ती खोकायची थांबेना तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आठ दिवसांत झडपा दुसऱ्या भिंतीत गेल्या.

मग ते रोज विचारायचे, "आता श्वास येतोय का गं बराबर?" मावशी मान हलवायची. एका दुपारी ते बाहेर गेल्यावर ती धापा टाकत मला म्हणाली, "कशाचं काय, तसंच हाय रे. पण त्यायला सांगू नको. दुसरं काहीच त्यायच्या हातात न्हाई." मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याला मावसाजींनी मला बाजूला घेतलं. "तू बसायचास तिच्यापाशी. शेवटचं वरीस तरी पोटभर श्वास घेतला ना रं तिनं?"

"व्हय, मावसाजी," मी म्हणालो. ते माझ्याकडं बघतच राहिले, म्हणून मी पुन्हा एकदा व्हय म्हणालो.