दुसऱ्या शनिवारच्या बाई

सिनेमा संपून पडद्यावर नावं वर सरकायला लागली की बाई उठायच्या, भिंतीशी जाऊन दिव्याचं बटण दाबायच्या आणि डोळे चोळत बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणायच्या, "आता फुडल्या शनिवारी खरो बघूया."

हे त्या गमतीनं म्हणत नसत. कट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेत पडदा आणि प्रोजेक्टर आला तो मुलांना धडे दाखवण्यासाठी. शनिवारी दुपारनंतर तो रिकामाच असायचा. बाईंनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि शिक्षक, त्यांच्या घरची माणसं, बाजारातले दुकानदार अशा सगळ्यांसाठी सिनेमे लावायला सुरुवात केली. अट एकच. प्रत्येक सिनेमा लागोपाठ दोन शनिवारी लागणार. पहिल्या शनिवारी खुर्च्या कमी पडायच्या. दुसऱ्या शनिवारी आम्ही जेमतेम एक रांग भरत असू. बाईंना तो दुसरा शनिवारच आवडायचा.

त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारी. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण सिनेमाचं बोलणं निघालं की ते अंतर राहायचं नाही. मी एकदा विचारलं, गोष्ट ठाऊक झाल्यावर परत काय बघायचं? त्या म्हणाल्या, "पयल्यांदा आपण नुसते शेवटाच्या मागसून धावतंव. एसटी सुटतली म्हणान धावतंव तशे. दुसऱ्यांदा बसूक खिडकी गावता."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या शेजारी बसून सिनेमा बघणं हीच एक शिक्षा असते. बाई तशा नव्हत्या. दुसऱ्या शनिवारीसुद्धा त्या एक अक्षर बोलत नसत. फक्त एखाद्या जागी त्यांचा हात माझ्या मनगटावर यायचा. तिथे पाहावं तर एखादी बाई नुसतीच खिडकी लावत असायची किंवा कुणीतरी ताट अर्धवट ठेवून उठत असायचं. पहिल्या वेळी आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलेलं नसायचं. एक संथ सिनेमा तर असा होता की पहिल्या शनिवारी स्वतः बाईच घोरल्या. पुढच्या शनिवारी त्याच सिनेमाला त्या इतक्या रडल्या की औषधाच्या दुकानाच्या मालकांनी घाबरून पाणी आणलं.

बाईंचे यजमान मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होते. वर्षातला बराचसा काळ समुद्रावर आणि मग लांबलचक सुट्टी. मोठ्यानं हसणारा, देहानं ऐसपैस माणूस. सुट्टीवर आले की शिक्षकखोलीत परदेशी चॉकलेटं यायची आणि शनिवारी शेवटच्या रांगेत ते स्वतः. पहिल्या शनिवारी ते सगळ्यांत मोठ्यानं हसायचे आणि दुसऱ्या शनिवारी गाढ झोपायचे. बाईंनी टोकलं की म्हणायचे, "माका शेवट म्हायत आसा. आता जागो कित्याक रवू?"

त्यांच्या शेवटच्या सुट्टीत बाईंनी एका शिंप्याचा सिनेमा लावला होता. हा शिंपी उठता बसता बायकोला हाक मारून सुईत दोरा ओवून मागतो. ती कामातून उठून येते, कुरकुरते, ओवून देते. पहिल्या शनिवारी आम्ही त्या प्रत्येक हाकेला हसलो. बायकोला जवळ बोलावण्याची ही त्याची युक्ती असं आम्हाला वाटलं. शेवटी कळतं की त्याची नजर जात चालली होती आणि त्यानं ते तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या शनिवारी पहिली हाक आली तेव्हा हॉलमध्ये कुणी हललंसुद्धा नाही.

त्या दिवशी यजमान झोपले नाहीत. घरी परतताना आम्ही तिघं बाजारापर्यंत बरोबर होतो. चालता चालता ते म्हणाले, "तेना बायलेक सांगल्यान नाय, ता बरा केल्यान. सांगान ती काय करतली होती?"

"तुमका आज झोप येवक नाय म्हणान काय पण बोलू नकात," बाई म्हणाल्या. यजमान हसले, मीही हसले. बाजारात त्यांनी आम्हाला लिंबू-सोडा पाजला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते जहाजावर रुजू झाले.

बातमी मधल्या सुट्टीत आली. बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि नुसत्या हुंकार देत होत्या. सकाळी यजमान कामावर आले नाहीत, खोलीत सापडले नाहीत, जहाजावर कुठेच सापडले नाहीत. जहाज मागे वळवलं होतं, आसपासची जहाजंही शोधत होती. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "नववीचो तास तू घेशीत?" आणि खुर्चीवर बसल्या.

शोध थांबला. कंपनीनं 'बेपत्ता' हा शब्द वापरला आणि तो तसाच राहिला. कुणी म्हणालं, समुद्र खवळलेला होता, तोल गेला असेल. बाजारात आवाज उतरवून वेगळंही बोललं जायचं. बाईंना कुणी काही सांगितलं नाही आणि बाईंच्या कानी सगळंच गेलं.

मसुऱ्याला त्यांच्या सासूबाई होत्या. त्या क्रियाकर्म करू देईनात. "माझो झील येतलो," म्हणून मुलाची वाट बघत दारात बसायच्या. बरेच महिने गेल्यावर त्याच एक दिवस म्हणाल्या, "करा काय ता." देह सापडत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बाईंनी मला सोबत नेलं होतं. एवढ्या ऐसपैस माणसाचा तो वीतभर पुतळा. भटजींचा मंत्र पुरा व्हायच्या आत तो जळून गेला. सासूबाईंनी विचारलं, "झाला?"

बाई शाळेत येऊ लागल्या, तास घेऊ लागल्या. पण दुपारी शिक्षकखोली रिकामी झाली की त्या मला ती शेवटची सुट्टी सांगायला लागायच्या. यजमानांनी विहिरीवरचा पंप दुरुस्त केला. तो कसा चालू करायचा ते बाईंना बाजूला उभं करून शिकवलं. छपरावर आलेली आंब्याची फांदी तोडून घेतली. स्कूटर चालवायचा धीर बाईंना कधी झाला नव्हता. रोज संध्याकाळी मैदानात नेऊन तीही शिकवली. मसुऱ्याला आईकडे जाऊन राहिले आणि तिच्या हातची पेज मागून घेतली.

यातलं बरंचसं मी पूर्वीही ऐकलं होतं. सुट्टी चालू असताना बाई हेच सगळं कौतुकानं सांगायच्या. घोव इतक्या वर्षांनी घरात रमलाय, म्हणायच्या. आता त्याच गोष्टी त्याच क्रमानं यायच्या आणि प्रत्येक गोष्टीपाशी त्या थांबायच्या. पंप आपल्याला का शिकवला? स्कूटर आताच का? दर वेळी सांगताना काहीतरी नवं आठवायचं आणि ते आधीच्यापेक्षा वाईट असायचं. निघायच्या सकाळी ते चहाचा कप हातात घेऊन न्हाणीच्या दारात उगाच उभे होते. बाईंनी त्यांना वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं होतं.

शेवटी मी न राहवून म्हटलं, "बाई, तो सिनेमा होतो. शिंप्याच्या हातात सुई कोणीतरी मुद्दाम दिलेली. हयसर कोणी काय मुद्दाम केलेला नाय. पंप बिघाडलो, तेनी तो नीट केलो. दर सुट्टीत ते काय ना काय नीट करीतच होते."

"दर सुट्टीत मी बघी नाय होतंय," त्या म्हणाल्या. मग समोरच्या वह्या सारख्या करत म्हणाल्या, "आणि सिनेमाचो शेवट तरी दिसता. ह्येंचो शेवट कोणी बघल्यान? कदाचित नुसतो पाय घसारलो असतलो. मगे ह्या सगळा मी फुकट नासवतंय."



दुसऱ्या एका दुपारी त्या खिडकीतून मैदानाकडे बघत होत्या. मुलं खेळत होती. माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "हे गेले ते गेले. पण ती सुट्टी माझी होती गो. आमची सगळ्यात बरी सुट्टी. ती पण गेली."

शनिवार बंदच पडले होते. वर्ष उलटल्यावर लोक विचारायला लागले, म्हणून मी एक विनोदी सिनेमा निवडला आणि बाईंना आग्रह करून आणलं. वाटलं, हसतील थोड्या. पहिल्याच प्रसंगात एक माणूस बूट घालतो, बायकोला काहीतरी सांगतो आणि कामावर निघतो. बाई उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभ्या होत्या.

"तो संध्याकाळी भाजी घेवन परत येता, बाई," मी म्हटलं. "साधो विनोदी सिनेमा आसा."

"येतलो," त्या म्हणाल्या. "पण माका आता पयल्यांदा बघूकच येणा नाय."

आत लोक हसत होते. तो आवाज ऐकत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. त्यानंतर शाळेत सिनेमा लागला नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा बाईंनी नोकरी सोडली आणि दोडामार्गला भावाकडे राहायला गेल्या. भावाची काजूची आणि केळीची बाग आहे. फोन केला तर त्या उचलायच्या, पण पाऊसपाण्यापलीकडे बोलणं जायचं नाही. काजूच्या दिवसांत मी एकदा भेटायला गेले. एसटीतून उतरले तर बागेच्या फाटकापाशी बाई उभ्या होत्या. वाळल्या होत्या. काजूच्या चिकानं बोटं काळी झाली होती. मला बघून त्या हसल्या.

तो दिवस बरा गेला. ओल्या काजूची उसळ त्यांनी स्वतः केली. शाळेची चौकशी केली, माझ्या शेजारच्या टेबलाशी आता कोण बसतं ते विचारलं, भूगोलाला आलेला नवा शिक्षक नकाशे फळ्यावर न काढता भिंतीवर दाखवतो हे ऐकून नाक मुरडलं. यजमानांचं नावही काढलं नाही. मला वाटलं, सावरल्या.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला उभ्या होतो. गोव्यातून कामावरून परतणारी माणसं भरभरून गाड्या जात होत्या. बाईंनी अचानक विचारलं, "तू इलस तेवा मी हसलंय काय गो?"

"हसलात तर," मी म्हटलं. "कित्याक?"

"ता ध्यानात ठेवू नको," त्या म्हणाल्या. "उद्या माका काय झाला तर तू ताच काढून बघीत बसशीत. तेच्यात काय नाय. तू इलस म्हणान हसलंय."

एसटी आली. मी चढले.

त्याच हंगामात बाईंना माकडताप झाला. बागांमधून काम करणाऱ्यांना तिथे तो होतो. पालापाचोळ्यातल्या गोचिडी चावतात. भावाकडच्या आणखी दोघांना झाला होता, ते बरे झाले. बाई इस्पितळात असेपर्यंत आम्हाला कळलंही नाही. भावाचा फोन आला तो सगळं संपल्यावर. मी विचारलं, ताप आल्या आल्या डॉक्टरांकडे नेलं होतं का? तो म्हणाला, ताप अंगावर काढला तिनं, कुणाला बोललीच नाही. मग घाईघाईनं म्हणाला, तशी ती कधीच बोलायची नाही.

गोचीड चावते, ताप येतो. तापात कुणाच्या मनातलं काही नसतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. आणि तरी कुठे रांगेत उभी असताना, पेपर तपासताना, मला ते फाटक दिसतं. बाई उभ्या आहेत, काळी पडलेली बोटं पदराला पुसतायत, मला बघून हसतायत. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. मी पुन्हा एकदा नीट बघते.