बदली मास्तरचं पागोटं

आता सारं अकोलं यायले शेषराव मास्तर म्हनते, रस्त्यात हात जोडते. मले बायको म्हनून बरं वाटाले पायजे, पन माही मान खालीच जाते. ज्या साली हे शाळेत लागले, त्या साली पोट्टे यायले 'बदल्या' म्हनत.

तिकडं समुद्रापार कुठंसी लढाई लागली अन् इकडं आमच्या कापसाले कधी नाही तो भाव आला. शाळेचे मूळ मास्तर महादेवराव, ते जादा पैशापायी एका कापसाच्या अडत्याकडं कामाले गेले. त्यायच्या बदलीवर आमचे हे. शाळाखात्याचे डिपुटीसाहेब पाहनीले येतीन तवा शाळा भरलेली अन् शिस्तीत दिसली, तं नोकरी कायम होनार होती. नाहीतर पुन्हा माह्या माहेरच्या ओसरीवर राहाचं, भावजयीचे टोमने खात.

पोट्टे मोठे वांड. बापायच्या हाती पैसा खेळू लागला, तसे पोरायच्या हातात चांदीचे कडे आले अन् संगं मस्ती बी आली. यायनं पाठ फिरवली का मागून सरकीचा मारा. खुशालराव मोठा कास्तकार; एक डाव त्याच्या पोराले, सूर्यभानले, यायनं छडी मारली, तं खुशालराव शाळेच्या दारात उभा राहून म्हने, "मास्तर, तुमी बदलीचे मानूस. माह्या पोराले हात लावाचं काम नाही." यायनं गुमान छडी ठेवून देली. मले असा राग आला होता का काय सांगू, पन बोलाची सोय नव्हती.

मंग यायनं जुना कायदा काढला, उचलबांगडीचा. जो शाळेत येनार नाही, त्याच्या घरी चार पोट्टे जातीन अन् हातपाय धरून त्याले उचलून आनतीन. आल्यावर त्यानं वाकून आपले अंगठे धराचे, अन् उचलून आननारे 'ऊठ' म्हनेपर्यंत तसंच राहाचं. पोट्ट्यायले खेळच सापडला. शाळा भरू लागली. "कायदा सगळ्यायले सारखा," हे मोठ्या ऐटीत म्हनत. मले वाटलं, जमलं बापा एकदाचं.

यायचं पागोटं रोज सकाळी मी माह्या गुडघ्यावर बांधून देत होती. शाळेत गरमी झाली का हे ते काढून बाजूले ठेवत. एक दिवस खुशालराव शाळेत आला, तसं यायनं घाईघाईनं पागोटं डोक्यावर घेतलं. पोट्ट्यायनं त्यात सरकी भरून ठेवली होती. सारी तोंडावरून, खांद्यावरून भुईवर सांडली. खुशालराव पोट धरून हासला. पोराले एका शब्दानं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी हे गोधडीतून निघालेच नाही. "कोन्या तोंडानं जाऊ?" म्हने. मी म्हनलं, "राहा आजच्या दिवस घरी." तेवढ्यात अंगनात चार पोट्टे येऊन उभे राहिले, सूर्यभान म्होरं.

"काकू, मास्तर काहून आले नाही?"

"ताप आला त्यायले."

सूर्यभान घरात घुसला अन् यायच्या कपाळावर हात ठेवला. "अंग तं थंड हाय. कायदा सगळ्यायले सारखा."

अन् उचललं नं त्यायनं यायले. भर बाजाराचा दिवस, रस्ताभर कापसाच्या गाड्या. गाडीवान उभे राहून पाहून राहिले होते. हे बोडक्या डोक्यानं, धोतराचा सोगा मातीत लोळून राहिलेला. ना ओरडले ना हातपाय झाडले, नुसते डोळे मिटून घेतले. कालचं पागोटं सुटून पडलं होतं, ते उचलून मी चालता चालता हातावरच बांधत मागं धावली.

शाळेच्या दारातून पाह्यलं अन् मी उंबऱ्याबाहेरच थांबली. हे पोट्ट्यायच्या म्होरं वाकून उभे होते, आपले अंगठे धरून. यायले कोनी सांगतलं नव्हतं. कायदा यायचाच होता.

आता 'ऊठ' म्हनाचं काम त्या चौघायचं. पन मास्तरले 'ऊठ' म्हनाची कोनाची छाती होईना. सूर्यभानचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याले दारात दिसली. तो आला, मान वर न करता माह्या हातातून पागोटं घेतलं. पाहाचं नव्हतं ते मी पाह्यलं, याची मले लय लाज वाटली. मी तशीच परत फिरली. मागून त्याचा रडका आवाज आला, "मास्तर, उठा न."

त्या दिवसापासून सरकी बंद झाली. डिपुटीसाहेब आले, शाळा पाहून खूश झाले, नोकरी कायम झाली. ते सारं मागून.

त्या दिवशी संध्याकाळी हे बाजाराचा रस्ता सोडून मागच्या पांदनीनं घरी आले. भाकर खाता खाता म्हने, "तू आली होती काय शाळेकडं?"

"नाही," मी म्हनलं. "शेजारच्या पोराच्या हाती पागोटं धाडलं."

पन पागोटं तं यायच्या हाती सूर्यभाननं देलं होतं. सकाळी उठून मी पागोटं घ्याले खुंटीकडं गेली, तं ते खुंटीवर नव्हतं. हे माह्याकडं पाठ करून बसले होते अन् आपल्याच गुडघ्यावर बांधून राहिले होते. वाकडंतिकडं झालं, तसंच घालून गेले. तवापासून आजवर यायनं मले पागोट्याले हात लावू देला नाही.