बॉयलरचे कांदेपोहे

लतिकाकाकू बोधनकरांना ‘कशा आहात?’ असं विचारण्यात काही अर्थ नसतो. उत्तर ठरलेलं. मस्त! त्यांच्या नवऱ्याला, एकनाथकाकांना, शेवटचं हॉस्पिटलमध्ये हलवलं, तेव्हाही त्यांनी मला फोनवर आधी ‘मस्त’ सांगितलं आणि मग ‘जरा येतेस का’ म्हणाल्या. मी पुण्याची. दुखत असेल तर दुखतंय म्हणावं, नको असेल तर नको म्हणावं, या मताची. आमचं पटायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण मी इथल्या लायब्ररीत नोकरीला लागले तेव्हापासून पटलंय.

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन थेट अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आल्या. काका युनिव्हर्सिटीत काच फुंकायचे, म्हणजे प्रयोगशाळेत लागतात तशा वाकड्यातिकड्या काचेच्या नळ्या हाताने बनवून द्यायचे. काकू शाळेच्या कॅफेटेरियात. दोघांनी मिळून बस स्टॉपजवळचं एक जुनं दुमजली लाकडी घर घेतलं आणि महाराष्ट्रातून शिकायला आलेली पोरं पिढ्यानपिढ्या त्या घरात जेवून गेली. बर्फात सायकल घसरून पडलेला मुलगा तिथे जायचा, प्रोफेसरने झापलेली मुलगी तिथे जाऊन रडायची. काका गेले, मुलगा सिद्धेश नोकरीसाठी दूर दक्षिणेला, जॉर्जिया राज्यात अल्फारेटाला गेला, तरी घराचं दार काही बंद झालं नाही.

सिद्धेश दर रविवारी म्हणायचा, ‘आई, इकडे ये. खालची बेडरूम तुझ्यासाठी ठेवलीय. थंडीही नाही.’ मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण काकू मला म्हणायच्या, ‘‘तिथे मी पाहुणी गं. कढई कुठे ठेवू, हे विचारून ठेवायची.’’ त्यांना मरेपर्यंत या घरात राहायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

आणि नेमका त्या घराचा बॉयलर म्हातारा झाला. तळघरात हा बॉयलर गॅसवर पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरून घर ऊबदार ठेवतं. दोन हिवाळे तो खोकतच होता. त्याची पायलट, म्हणजे पोटात सतत तेवत राहायला हवी ती छोटी ज्योत, सारखी विझायची. खालून पाणी गळायचं. काकूंनी त्याखाली कणीक मळायची मोठी परात ठेवली होती. मेकॅनिकने सांगून टाकलं, याला आता हात लावण्यात अर्थ नाही, नवा घ्या. नवा घेण्याची ऐपत काकांच्या आजारपणात संपली होती. सिद्धेशला सांगावं, तर तो म्हणणार, जुन्या घरात पैसे कशाला घालायचे, विकून टाक आणि ये. म्हणून सिद्धेशला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली गेली.

सरकारी पैशांतून अशा लोकांचे बॉयलर बदलून देणारी योजना आहे, हे मला लायब्ररीतच कळलं. मी काकूंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. ‘‘आपण काय गरीब आहोत का, रेणू?’’

‘‘थंडीला विचारा. ती बँक बॅलन्स बघून येत नाही.’’

महिनाभर मागे लागले तेव्हा कुठे अर्ज गेला. इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणाला कळता कामा नये, ही अट होतीच. डिसेंबरात फोन आला, तपासनीस घर बघायला येणार.

मी जेवणाच्या सुट्टीत पोचले आणि दारातच थबकले. आत चक्क उबारा होता! आदल्या आठवड्यात याच घरात मी कोट घालून चहा प्यायले होते. आता काकू जरीकाठी साडीत, केसांत क्लिप, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. उर्वी नावाची पीएचडी करणारी मुलगी जिन्यावर अपराधी चेहरा करून उभी होती.

‘‘मावशी, मला काही बोलू नका,’’ ती कुजबुजली. ‘‘काकू म्हणाल्या पाहुणे येणारेत, घर थंड बरं दिसत नाही. मी फ्रेंड्सकडून सगळ्यांचे हीटर कलेक्ट केले. सकाळपासून ऑन होते, तीनदा फ्यूज उडाला. आत्ताच वरच्या क्लोजेटमध्ये टाकले, यार.’’

मी तळघरात धावले. फरशी पुसलेली. परात गायब. बॉयलर साबणाने धुतलेला, त्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट. उर्वीकडून पायलटही पेटवून घेतली होती आणि तो मेला बॉयलर त्या दिवशी नेमका गुणी बाळासारखा धुगधुगत होता. मी परात शोधायला वळले तोवर वर बेल वाजली.

ग्रेग नावाचा तो तपासनीस पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने बॉयलर पाहिला, मीटर लावून मोजमाप केलं आणि काकूंना विचारलं, हीटिंगचा काही त्रास आहे का?

‘‘नो नो. व्हेरी गुड बॉयलर. माय हजबंड टुक केअर.’’

‘‘काकू, पाणी गळतं ते सांगा ना!’’

काकू त्याच्याकडे बघून हसत मला मराठीत म्हणाल्या, ‘‘पाहुण्यांसमोर नको, रेणू.’’ मग त्याला म्हणाल्या, ‘‘लिटिल वॉटर कम्स. ओल्ड एज. मी ऑल्सो.’’ तो हसला. त्याने काहीतरी लिहून घेतलं. वर टेबलावर खोबरं-कोथिंबीर भुरभुरवलेले पोहे वाफाळत होते. नियमात बसत नाही म्हणून त्याने ते नाकारले, तेव्हा मात्र काकू खरोखर दुखावल्या.

निकाल सांगायला ज्योतिषी नको होता. बॉयलर चालू स्थितीत आहे, तुमचं नाव यादीत राहील, ज्यांच्याकडे उष्णताच नाही त्यांचं काम आधी. म्हणजे पुढचा हिवाळा.

मी ओरडले. मला लाज वाटत नाही सांगायला, मी त्या माऊलीवर ओरडले. ‘‘काकू, ते मुलगी बघायला आले नव्हते! बॉयलरला नटवून, पोहे करून बसवलंत! त्याचं वैगुण्य दाखवायचं होतं!’’

‘‘परका माणूस घरात येणार, आणि घर गारठलेलं, खाली थारोळं? काय म्हटलं असतं त्याने?’’

‘‘गरजू म्हटलं असतं! तेच म्हणायला तो आला होता!’’

 त्या पोह्यांचं पातेलं घासत राहिल्या.

जानेवारीत उत्तरेकडून गोठवणारी लाट आली आणि बॉयलर बंद पडला. उर्वीने पुन्हा पुन्हा पायलट पेटवून पाहिली, मीही पाहिली. पेटेचना. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, आता त्याला हात लावू नका, गॅस बंद करून ठेवा.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. घर ऊबदार नसेल तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि मग ते घर राहायच्या लायकीचं उरत नाही. पाणी वाहतं राहावं म्हणून काकूंनी सगळे नळ थेंबथेंब सोडून ठेवले होते. विजेचे दोन हीटर एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून एकच, स्वयंपाकघरात. तिथेच त्या खुर्चीवर बसायच्या, तिथेच गादी टाकून झोपायच्या. मी माझ्याकडे ओढून नेलं, तर सकाळी पहिल्या बसने परत. घर एकटं कसं ठेवू? रोज लायब्ररी उघडायच्या आधी मी फोन करायची. रिंग जास्त वाजली की मी दुसऱ्या हाताने कोट चढवायला लागायची. शेवटी फोन उचलला जायचा आणि आवाज यायचा, ‘‘मस्त!’’ मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटायचा आणि त्याच वेळी हायसंही वाटायचं.

मी योजनेच्या ऑफिसला फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या, पण घरमालकिणीने स्वतः सांगायला हवं. काकू तयार होईनात. मला वाटलं, पुन्हा तोच मान. पण हे वेगळंच निघालं.

‘‘सरकारी माणसाला खोटं सांगितलं मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता उलटं सांगितलं तर पकडतील ना? सिटिझनशिप काढून घेतात का गं अशासाठी?’’

मला हसू आलं. पण त्या खरंच विचारत होत्या.  किती दिवस हे मनात घेऊन ही बाई त्या खुर्चीवर बसली होती! मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, ‘‘असं काही होत नाही. मी बाजूला बसते. तुम्ही फक्त एवढंच सांगा, बॉयलर बंद आहे.’’

फोनवर पलीकडून ‘हाउ आर यू?’ आलं आणि काकू सवयीने ‘फाइन, फाइन’ म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. पण पुढच्या श्वासाला त्या म्हणाल्या, ‘‘बॉयलर स्टॉप्ड. नो हीट.’’ दुसऱ्याच दिवशी ग्रेग पुन्हा येणार, असं ठरलं.

या वेळी मी पहाऱ्यालाच बसले. फरशी पुसायची नाही, साडी बदलायची नाही, पोहे नाहीत. काकू कोट, मफलर, डोक्याला लोकरी टोपी अशा अवतारात, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या उभ्या. ग्रेग तळघरात गेला. परातीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

तो काही विचारायच्या आत काकूंनी हात जोडले. ‘‘लास्ट टाइम आय टोल्ड राँग. हीटर्स ऑफ स्टुडंट्स. आय वाइप्ड द वॉटर. सॉरी.’’

त्याने खिशातून पेन काढलं. मला वाटलं, संपलं. सरळपणाचा मीच हट्ट धरला होता आणि आता मीच मनात म्हणत होते, काकू, एवढं सगळं सांगायची काय गरज होती!

मग त्याने विचारलं, तुम्हाला राहायला दुसरी जागा आहे का? कुणी नातेवाईक?

 हो म्हटलं की बॉयलर गेला. नाही म्हणा, काकू, नाही म्हणा. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘‘यस. माय सन. जॉर्जिया. गुड रूम, व्हेरी वॉर्म.’’ त्यांनी टोपी कानांवर ओढली. ‘‘बट दॅट इज हिज हाउस. धिस इज माय हाउस. आय ॲम कोल्ड हिअर. व्हेरी कोल्ड. आय वॉन्ट टू स्टे.’’

ग्रेगने लिहून घेतलं. लिहिता लिहिताच म्हणाला, हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो, आज रात्री तुम्ही कुठे झोपणार हे मला माहीत असावं म्हणून. त्यावर काही अवलंबून नाही. आणि मी यायच्या आधी लोक घर आवरतातच. बॉयलरला आंघोळ घातलेली मात्र मी पहिल्यांदाच पाहिली.

त्याने तिथूनच ऑफिसला फोन लावला. घरात उष्णता नाही, तातडीचं काम. पुढच्या आठवड्यात नवा बॉयलर बसणार, एक पैसाही न घेता. तो गेल्यावर मी खुर्चीत कोसळले आणि रडले. काकू नाही रडल्या. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सिद्धेशचा व्हिडिओ कॉल, मधल्या वारी. काकू ताडकन उठल्या. टोपी काढली, मफलर काढला, कोट काढून माझ्या अंगावर फेकला, केसांवरून हात फिरवला आणि पातळशा कार्डिगनमध्ये हसत फोनसमोर बसल्या. गेले कित्येक रविवार ही बाई असंच करत आली होती, हे मला त्या झपाट्यावरूनच कळलं.

‘‘कशी आहेस आई?’’

‘‘मस्त!’’

‘‘टीव्हीवर दाखवतायत, मिशिगनला फार थंडी आहे.’’

‘‘बाहेर असेल. घरात काही नाही.’’

सिद्धेशने चेहरा स्क्रीनजवळ आणला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘आई, तू बोलतेस तेव्हा तुझ्या तोंडातून वाफ येतेय.’’

काकूंनी पटकन तोंडावर हात धरला.

‘‘आजच नाही. मागच्या रविवारीही दिसली होती.’’

मला राहवलं नाही. मी फोनमध्ये डोकं घातलं. ‘‘मग गाढवा, तेव्हाच बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो असतो तर म्हणाली असती, चहाची वाफ आहे. आणि फोन ठेवला असता. मला कळत होतं, रेणूमावशी. मी तिला इकडे ओढून आणेन, या भीतीने ती माझ्यापासून थंडी लपवतेय. आठवडाभर मला झोप नाहीये.’’ मग तो आईकडे वळला. ‘‘आई, मी शनिवारचं तिकीट काढलंय. न्यायला नाही येत. तुझ्याजवळ राहायला येतोय. येऊ का?’’

काकूंचा तोंडावरचा हात खाली आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

‘‘ये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण जाड कपडे घेऊन ये रे. घरात फार थंडी आहे.’’