आबांची तांबडी, इस्माईलभाईंची निळी

बोट वेळेवर आली असती तर यातला एकही किस्सा माझ्याकडे जमला नसता. मुंबईहून येणारी बोट मालवणला बाहेर समुद्रातच उभी राहायची आणि माणसं छोट्या पडावातून किनाऱ्याला लागायची. कधी लागतील याचा भरवसा नाही. तोवर आम्ही मोटारवाले बंदरावर पान चघळत बसलेले. एकाने एक सांगितलं की दुसऱ्याला तीन आठवायचे! पन्नास सालानंतरची ती वर्षं. आता ती बोट नाही, त्या मोटारी नाहीत. किस्से तेवढे माझ्याकडे मुक्कामाला राहिलेत.

तर बंदरावरून चौकं, कट्टा ही गावं घेत कसालला जायला दोन मोटारी. तांबडी आबांची, निळी इस्माईलभाईंची. दोघं एका शाळेत शिकलेले, एका गल्लीत राहणारे आणि धंद्यात एकमेकांचे पक्के वैरी. मी आबांचा बुकिंग क्लार्क. म्हणजे खोक्यावर बसून तिकिटं फाडायची आणि उरलेला वेळ निळीत किती डोकी बसली ते बघायचं!

*

एका सीझनला आबांनी भाडं उतरवलं. इस्माईलभाईंनी त्याहून उतरवलं. आबांनी पुन्हा! दोघं बंदराच्या दोन टोकांना उभं राहून ओरडताहेत, जसा काही बांगड्याचा लिलावच. फक्त इथं भाव उलटा चाललेला. लोकांची चंगळ! एका गाडीत चढायचे, पलीकडून नवा भाव ऐकू आला की ट्रंक उचलून खाली.

कट्टा गावची एक म्हातारी मात्र गाठोडं मांडीवर घेऊन मधोमध सावलीत बसलेली. मी म्हटलं, "आजये, बस गो गाडीत. ह्याच्यापेक्षा स्वस्त काय मिळाचा नाय."

"बसतंय रे झिला," ती म्हणाली, "घाय काय आसा? थोड्या वेळान तुमीच माका पैशे देतल्यात!"

*

भाडं आणखी उतरवायला जागा उरली नाही तेव्हा वेळेची लढाई सुरू झाली. निळी सुटायच्या जरा आधी तांबडी सोडायची. दुसऱ्या दिवशी निळी त्याच्याही आधी. असं करत करत एक दिवस दोन्ही गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या, आणि मी बघतोय तर पडाव अजून पाण्यात! माणसं किनाऱ्याला लागली, ट्रंका, वळकट्या उतरल्या, आणि समोर बंदर मोकळं. शिव्या खायला मी एकटा.

बऱ्याच वेळानं तांबडी परत आली. आमचा ड्रायव्हर दाजी, मोठा इर्षेचा माणूस, उडी मारूनच उतरला. "आबानू, निळीक चौक्याक मागे टाकलंय! कसालाक पयलो नंबर आपलो!"

"बरा केलंस," आबा म्हणाले. "पण गाडीत कोण होता?"

दाजीने मागं वळून रिकाम्या गाडीकडे बघितलं. "ता बघूक येळ खंय गावलो?"

*

आबांचा पुतण्या वसंता मुंबईत एका विमान कंपनीच्या तिकीट ऑफिसात होता. मे महिन्यात रजेवर आला तो टाय लावून! मालवणच्या उन्हात टाय! आबांच्या पडवीत बसून त्यानं आम्हाला धंदा शिकवला.

"काका, परदेशी जाणाऱ्या विमानांचं भाडं सगळ्या कंपन्यांचं सारखंच ठरलेलं असतं. विमानंही सारखीच. मग सांगा, गिऱ्हाईक कुणाकडे जातं?"

आबांनी विचार केला. "जेचा विमान पडणा नाय तेच्याकडे."

"तसं नव्हे हो! सर्व्हिस! पाहुणचार! विमान सुटताना प्रत्येकाला पेपरमिंट देतात, कानात घालायला कापूस देतात. आवाजाचा त्रास नको म्हणून."

आबांचे डोळे चमकले. आवाजाच्या बाबतीत आमची तांबडी कुठल्याही विमानाला हार जाणारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी तिकिटाबरोबर लिमलेटची गोळी आणि कापसाचा बोळा वाटायला लागलो. लोक हरखले! निळी ओस पडली. इस्माईलभाई लांबून बघत होते. आमचे प्रवासी कानात काय घालताहेत ते त्यांना कळेना.

गाडी निघाली. चौक्याला उतरणारे ओरडले, "थांबव, थांबव!" गाडी थांबेना. कट्ट्याचे ओरडले. गाडी थांबेना. एकानं छत्रीच्या दांड्यानं टपावर ठोकलं. तरी नाही. सगळ्यांना घेऊन गाडी थेट कसालला!

दाजीने कानातले बोळे काढले आणि मागं वळून म्हणाला, "आज कसो शांत प्रवास झालो, नाय?"

*

कापूस बंद झाला, पण विमानाचं खूळ गेलं नाही. वसंतानं हवाई सुंदरीचं वर्णन केलं होतं ना! आबा म्हणाले, आपल्या गाडीतही बाई हवी. आता मालवणात मोटारीवर नोकरी करायला बाई कुठून आणायची? आबांनी घरातल्या जनीआत्येला बसवलं. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की बोटीच्या भोंग्यानं मान खाली घालावी.

"पाय खाली घे रे! गाडी काय बापाशीची आसा?" ही तिची सर्व्हिस. पण गंमत बघा, बायामाणसांना ती फार आवडली. कुणाचं पोर मांडीवर घे, कुणाला उलटी होईल म्हणून लिंबू हुंगायला दे, कुणाच्या मुलीला स्थळ सुचव. कसाल येईपर्यंत दोन लग्नं तोंडी ठरायची! घरातली बाई तांबडीत बसली की मागोमाग पुरुषही तांबडीतच.

आणि एका सकाळी बघतो तर जनीआत्या निळ्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारी!

आबा धावले. "आत्ये! घरचा माणूस तू, आणि त्या इस्माईलाच्या गाडीत?"

"घरची आसय म्हणान घरात रवतंय," जनीआत्या शांतपणे म्हणाली. "पण बसूक गादी तेणा दिल्यान!"

*

पुढं बातमी आली की या रस्त्याला परमिट एकाच मोटारीला मिळणार. ज्याला मिळणार नाही, त्याची गाडी कायमची अंगणात. शेवटी परमिट दोघांनाही मिळालं, आणि काही वर्षांनी सरकारी गाड्या आल्या तेव्हा दोघांचंही गेलं. पण परमिटचे साहेब पाहणीला आले त्या दिवशी रस्त्यावर काय झालं, ते बघणारे आम्ही थोडेच.

साहेब जाताना तांबडीत बसणार, येताना निळीत, असं ठरलं. आबा नवं धोतर नेसून साहेबांच्या शेजारी. मागच्या बाकावर मी. चौकं गेलं, आणि माळावर गाडीच्या तोंडातून वाफ! दाजीने बॉनेट उघडलं. फॅनचा पट्टा तुटलेला. साहेब घड्याळ बघायला लागले. आबांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात मागून निळी आली. इस्माईलभाई स्वतःच गाडी चालवत. त्यांनी नुसता हात हलवून पुढं जायचं होतं. परमिट तिथंच त्यांच्या खिशात पडलं असतं! निळी पुढं गेली... आणि थांबली. इस्माईलभाई खाली उतरले, त्यांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि पट्टा सोडवून दाजीच्या हातात दिला. दोन्ही गाड्या एकाच मेकच्या. पट्टा चपखल बसला.

साहेबांना राहवेना. "अहो, मग तुमची गाडी कशी चालणार?"

"तुमी कसालाक पोचा साहेब," इस्माईलभाई म्हणाले. "थंयसून माका दुसरो पट्टो धाडा."

निळीतले प्रवासी तांबडीत कोंबले. इस्माईलभाई रस्त्याकडेच्या दगडावर बसले. दाजीने गाडी सुरू केली. साहेब आत बसले, मी लटकलो, आणि आबा खालीच!

"आबा, चला लवकर," साहेब म्हणाले.

"तुमी जावा. मी हयच बसतंय."

"का हो?"

आबा त्या दगडावर इस्माईलभाईंना जरा सरकवून शेजारी टेकले. साहेबांनी एकदा पट्टा नसलेल्या त्या निळ्या गाडीकडे बघितलं, एकदा आबांकडे.

"ह्याका हय एकटो सोडलंय," आबा म्हणाले, "तर ह्यो माजे पॅसेंजर पळवतलो!"