इराणचा मल्ल, मुक्काम पोस्ट पनवेल

आमच्या घरात कुस्तीचं नाव काढायचं नाही, हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. टीव्हीवर ते चड्डीतले आडदांड गडी एकमेकांना खुर्च्यांनी बडवायला लागले की सासूबाई चॅनल बदलायच्या आणि सासरे निमूट पेपरात डोकं घालायचे. मी पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेली, तोंडाने फटकळ. "एवढं काय आहे त्यात?" असं एकदा विचारलं, तर सासूबाईंनी माझ्यापुढे लसणाचा ढीग ओतला. सोलत बस, म्हणाल्या.

हकिगत मग नवऱ्याने सांगितली. सासरे पनवेलजवळच्या नेरे गावाकडचे. तरुणपणी जत्रेत मातीतल्या कुस्त्या मारायचे, तालमीत त्यांना मान होता. कुणीतरी त्यांना मुंबईला फ्रीस्टाइलच्या खेळांत नेलं. तिथे दोरखंडांचं रिंगण, बँड, तिकीट काढून आलेली माणसं. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असायचं आणि सासऱ्यांचं कामही ठरलेलं होतं, हरायचं. त्यांना दाढी वाढवायला लावली आणि इराणहून आलेला मल्ल म्हणून उभं केलं. तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद होती, कारण उघडलं की इराण संपून नेरं सुरू व्हायचं. एकदा खांद्यावरून आपटल्यावर ते "आये गो!" असं ओरडले आणि अख्खं स्टेडियम हसलं.

गावात कळलं तेव्हा मात्र कुणी कौतुक केलं नाही. ठरवून पाठ टेकवणारा आमचा नाही, असं म्हणून वस्तादांनी तालमीचं दार बंद केलं. विहिरीवर बायका सासूबाईंना विचारायच्या, "कालबी पडला का गो तुजा नवरा?" त्या तेव्हा नव्या नवरी. विचारणाऱ्यांत सगळ्यात पुढे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. दोन वर्षांत सासऱ्यांनी ते सोडलं आणि कारखान्यात लागले. त्या दिवसांचा एकच फोटो राहिला होता, तोही सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या तळाशी.

गेल्या वर्षी सासूबाई स्वयंपाकघरात सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम भरली, डॉक्टर म्हणाले आता चालायला लागा. पण त्या चालेनात. वॉकर धरून उभ्या राहायच्या, एक पाऊल उचलायच्या आणि लगेच मागे पलंगावर बसायच्या. "मी पडंन गो. मना झोपू दे." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, अशाच अंथरुणात राहिल्या तर पुन्हा कधी उठणार नाहीत. मी काय काय केलं नाही! गोडीगुलाबीने सांगितलं, ओरडले, एकदा तर वॉकर आपटला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनेही हात टेकले होते.

एका सकाळी मी भाजी घेऊन वर आले, तर हॉलमध्ये दोन गाद्या एकावर एक अंथरलेल्या आणि समोर सासरे उभे, बनियन आणि हाफ पँटवर. वय अठ्ठ्याहत्तर. मला काही विचारायला सुचायच्या आत ते मागच्या मागे पडले. धप्प! माझ्या हातातली पिशवी सुटली, टोमॅटो सोफ्याखाली गेले.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला?"

ते उठून बसले. थोडी धाप लागली होती, पण चेहरा असा खुलला होता की मी तो तसा कधी पाहिलाच नव्हता. "तुज्यासाठी नाय पडलो," म्हणाले. "तिला दाखवतोय."

आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि पलंगावरून सासूबाई बघत होत्या.

सासरे दारात गेले. "तू पडताना अंग आवळतेस. आवळलं का हाड मोडतं. हनवटी छातीला लावाची, हात उघडे टाकाचे, दम सोडाचा. मी एवढा पडलो, माजं कदी काय मोडलं का?"

मला वाटलं, आता लसणाचा ढीग येणार. सासूबाई कोपरावर रेलून जरा वर सरकल्या. मग म्हणाल्या, "परत पडा बगू."

व्यायामवाल्या मुलीला हे सांगितलं तर ती आधी घाबरलीच. शेवटी परवानगी मिळाली ती एवढीच, की पलंगाच्या मधोमध बसायचं, मागे उशांचा डोंगर रचायचा आणि त्यावर पाठीवर जायचं, तेही ती समोर असताना. पहिल्या दिवशी सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून सासऱ्यांचं मनगट धरलं. चौथ्या दिवशी मनगट सोडलं. नंतर तर हात गादीवर असे आपटायच्या की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली. माझ्या सासूबाई इतक्या मोठ्याने हसतात, हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते आणि मला या दोघांचा फार हेवा वाटला.

महिन्याभरात त्या दारापर्यंत चालल्या, मग लिफ्टपर्यंत, मग वॉकर जाऊन काठी आली.

दिवाळीच्या आधी सासूबाईंच्या त्याच थोरल्या जाऊबाई गावाहून भेटायला आल्या. सासूबाई स्वतः चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, तशा जाऊबाई ओरडल्या, "बस गो, बस! पडशील!"

"पडंन तर पडंन," सासूबाई म्हणाल्या. "यांनी शिकवलंय मना. एवढी वर्षं पडले, पन हाड मोडलं नाय. आपलं नाय, का समोरच्याचं नाय."

मग मला म्हणाल्या, "जा, साड्यांखालचा फोटो आन."

फोटोत सासरे पाठीवर आडवे आहेत, दाढीवाले, छातीवर दुसऱ्याचा गुडघा.

"अगो, हरलेला फोटो हाय तो," सासरे पुटपुटले.

"मना म्हाईत हाय." सासूबाईंनी फोटो जाऊबाईंच्या हातात दिला आणि त्यावर बोट ठेवलं. "हे हात बग, कसे उघडे टाकलेत. मान बग, उचललेली. असं पडाला येतं का कुनाला?"

जाऊबाई फोटो बघत राहिल्या. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचा चहा निवत होता. ते हनवटी छातीला लावून बसले होते, आणि खूप वेळ त्यांनी मान वर केली नाही.